दुसऱ्याच्या भट्टीचं झाकण

आमच्याकडे दुसऱ्याच्या बायकोकडे वाकड्या नजरेनं पाहिलंत तर एक वेळ निभावून जातं. फादरकडे जायचं, कबुली द्यायची, चार प्रार्थना म्हणायच्या, झालं. पण दुसऱ्याच्या भट्टीचं झाकण उघडलंत तर मात्र खैर नाही. लावाका नदीच्या या काठावर, आम्हा चेक शेतकऱ्यांच्या वस्तीत, निदान माझ्या बघण्यात तरी कुणी ते माफ केलेलं नाही, आणि माझं बघणं काही थोडंथोडकं नाही.

भट्टी म्हणजे मांस धुरावर शिजवायची भट्टी. बाजूच्या पेटीत ओकची लाकडं जळतात, धूर नि ऊब पोटातून फिरून धुराड्यानं बाहेर पडतात, आणि आतलं मांस आपल्या मर्जीनं, सावकाश शिजतं. झाकण उघडलं की ऊब भस्सकन बाहेर. ती परत जमेपर्यंत तास गेला म्हणून समजा. म्हणून मालक सोडून कुणी झाकणाला हात लावायचा नाही, मग तो बाप असो की बिशप.

माझ्या नवऱ्यानं हात लावला. कुणाच्या भट्टीला? सख्ख्या थोरल्या भावाच्या! आणि कुठे? यानाक घराण्याच्या वार्षिक मेळाव्यात, चर्चच्या मैदानावर, सगळ्या गोतावळ्यासमोर!

झालं असं, की एमिल, म्हणजे माझा थोरला दीर, बिअर आणायला गेला होता. लॅडी, म्हणजे आमचं हे रत्न, भट्टीजवळ रेंगाळत होता. ती भट्टी त्यांच्या वडिलांनी बनवलेली. झाकणाला मागे जुन्या नांगराचं वजन टांगलेलं, त्यामुळे ते एका बोटानं वर येतं. लॅडीनं ते बोट लावलं. नुसतं पाहून गप्प बसला असता तरी भागलं असतं. पण नाही. काट्यानं मांस टोचलं आणि मोठ्यानं म्हणाला, "कोरडं पडतंय की रे हे!" मागे एमिल उभा, दोन्ही हातांत बिअर.

एमिल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "स्वतःची बनव लॅडी, आणि मग दिवसभर उघडझाप करत बस." लॅडी न जेवता गाडीत जाऊन बसला. मी पण गेले, काय करणार? बटाट्याच्या सॅलडचं माझं पातेलं तिथंच राहिलं.

आता यात माझं काय जातं, असं तुम्ही म्हणाल. माझं सगळं जातं. एमिलची बायको व्लास्ता ही माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही दोघी बहिणी त्या दोघा भावांना दिलेल्या. लग्नानंतर आम्ही दोघी दर गुरुवारी चर्चच्या हॉलवर पत्ते खेळायचो, पावसात, उन्हात, गरोदरपणात, अगदी आई गेली त्या आठवड्यातसुद्धा. मेळाव्यानंतरच्या गुरुवारी मी हॉलवर गेले, तर व्लास्ता आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मग मीही जायचं बंद केलं. फोन तिनं केला नाही, आणि मी का करू? माझा नवरा उपाशी घरी आला होता. एकदा दुकानात लोणच्यांच्या फळीपाशी समोरासमोर आलो, तर म्हणते, "एमिल गाडीत थांबलाय," आणि गेली. आपल्या पाठच्या बहिणीशी असं बोलतात? मला इतकं लागलं की मी भलतीच बरणी उचलून आणली.

आणि उन्हाळ्याच्या अखेरीला केस करायला गेले, तर तिथली बाई मला विचारते, "काय हो आल्बिना, तुमची बहीण लबकला चालली ना कायमची? एमिलचे गुडघे गेले म्हणे. रेमंड दोघांना घेऊन जातोय. घरसुद्धा विकलं." रेमंड म्हणजे त्यांचा मुलगा. लबक इथून मोटारीनं अख्खा दिवस. मेळावा झाला की त्याच दुपारी निघणार, असं ती म्हणाली. माझं डोकं केस वाळवायच्या टोपात होतं, म्हणून मी रडले ते कुणाला कळलं नाही.

म्हणजे उरला होता फक्त मेळावा. तोवर दोघा भावांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेलीच असली, तर माझी बहीण मैदानाच्या त्या टोकाकडून निघून जाणार आणि मी या टोकाला काटे-चमचे मोजत बसणार. मी लॅडीला म्हटलं, "जा, माफी माग."

"भट्टी झाल्यावर बोलू," लॅडी म्हणाला.

कारण हे महाराज खरंच भट्टी बनवत होते. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडून गॅसची एक जुनी टाकी आणली होती, चांगली आडवी म्हशीएवढी. ती कापायची म्हणजे जिवाशी खेळ, आत गॅस राहिलेला असला तर घरासकट स्वर्गात. म्हणून आधी तिच्यात काठोकाठ पाणी भरून ठेवलं, ओतलं, परत भरलं. आमची विहीर आटायची वेळ आली. कापायला सुरुवात केली त्या दिवशी मी खिडकीत जपमाळ घेऊन बसले होते. एकीकडे देवाचं नाव आणि एकीकडे लॅडीच्या नावानं शिव्या, असा माझा जप चालला होता.

टाकी फुटली नाही. ठिणग्यांनी माझ्या वाळत घातलेल्या दोन चादरींना भोकं पडली, तेवढंच. जाळाची पेटी केली तेलविहिरीच्या जाड नळाची, धुराडं केलं शेतातल्या पाण्याच्या पाइपाचं. जाळ्या स्वतः बसवल्या. माणूस संसारात कधी इतका मन लावून काम करताना दिसला नव्हता. जेवायला हाक मारली तर वेल्डिंगचा मुखवटा वर करून बघायचा, आणि नाकाखाली काजळीची मिशी. खरं सांगते, त्या दिवसांत मला तो पुन्हा थोडासा आवडायला लागला होता.

मग त्यानं झाकण केलं.

टाकीचाच कापलेला तुकडा झाकण म्हणून पुरला असता. साऱ्या जगाला पुरतो. यानं त्याच्यावर आणखी एक जाड पोलादी पत्रा जोडला. कडेनं लोखंडी चुलीच्या दाराला फट बुजवायला लावतात ती जाड दोरी चिकटवली, इतकी घट्ट, की आतून मुंगीचा श्वासही बाहेर येऊ नये.

"अरे, हे उचलणार कोण?" मी म्हटलं.

"कुणी उचलू नये, म्हणूनच तर!"

"आणि मागे वजन नाही लावायचं? वडिलांनी लावलंय तसं?"

"तीच तर त्या भट्टीची खोड आहे, आल्बिना. एका बोटानं उघडते. कुणीही यावं आणि बोट लावावं!"

"आणि ते बोट कुणाचं होतं रे?"

त्यानं मुखवटा खाली ओढला आणि ठिणग्या पाडायला सुरुवात केली.

एवढ्यानं समाधान झालं नाही. झाकणावर पांढऱ्या रंगानं हातहातभर अक्षरं काढली: हात लावू नये. फादर एकदा सहज आले होते, तर ते वाचून बिचाऱ्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

मग आतून डुकराची चरबी चोपडली आणि दिवसभर नुसता जाळ घातला, लोखंड मुरायला. माझ्या पडद्यांना तो वास अजून आहे. त्यानंतर दोन कोंबड्या टाकून पाहिल्या. जाळ लहान, कोंबड्या लहान, सगळं झकास झालं. झाकण उघडताना मात्र लॅडी लोखंडी नळाचा टेका लावून असा कण्हला, की शेजारचं कुत्रं धावत आलं. "सवयीनं होईल सोपं," म्हणाला. मी मान डोलावली. मला काय, मी माझ्या बहिणीचा विचार करत होते.

मेळाव्याचा रविवार उजाडला. आम्ही अंधारातच जाऊन मैदानाच्या पूर्वेच्या टोकाला भट्टी लावली, जाळ केला आणि घराण्याला पुरेल एवढं मांस आत रचलं. छातीच्या मांसाचे भलेमोठे तुकडे, ज्याला आमच्याकडे ब्रिस्केट म्हणतात, आणि वर बरगड्या. पश्चिमेच्या टोकाला ओकच्या झाडांखाली वडिलांची भट्टी आधीच लागली होती. एमिल खुर्ची टाकून आमच्याकडे पाठ करून बसला होता. शेजारी रेमंडची मोठी गाडी, मागे बांधलेलं सामान.

प्रार्थना आटोपून गोतावळा मैदानात आला आणि मध्येच थबकला. कागदी ताटल्या हातात, आणि जायचं कुठल्या टोकाला? पूर्वेला गेलं तर एमिलला राग, पश्चिमेला गेलं तर लॅडीला. सगळे यानाक मैदानाच्या बरोब्बर मध्ये कळप करून उभे राहिले आणि हवेबद्दल बोलू लागले. बटाट्याचं माझं सॅलड टेबलाच्या एका टोकाला, व्लास्ताचं दुसऱ्या. दोन्ही एकाच आईनं शिकवलेलं, पण कुणी चमचा घालीना.

एव्हाना धूर बोलायला लागला होता. आमच्याकडे धुरावरून माणूस कळतो. एमिलच्या धुराड्यातून निळसर, विरळ, असून नसल्यासारखा धूर. आणि आमच्या? पांढराफटक, जाड, ढगच्या ढग! असला धूर मांसाला कडू करतो हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्या घट्ट झाकणापायी भट्टीला श्वासच मिळत नव्हता, आणि पाण्याचा पाइप धुराडं म्हणून फारच बारीक होता. जाळ आतल्या आत घुसमटत होता. लॅडी पेटीचं दार उघडत होता, लावत होता, फुंकत होता, आणि खोकत होता.

तेवढ्यात मैदान ओलांडून व्लास्ता माझ्याकडे येताना दिसली. निळा झगा, आईचं ब्रोच. वाटलं, आली! आता म्हणणार, आल्बिना, पुरे झालं. ती आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "एमिल म्हणतोय, तुमचा धूर पांढरा आहे."

लोणच्यांच्या फळीनंतरचं पहिलं वाक्य! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"लॅडीला डोळे आहेत," मी म्हटलं.

"एमिल म्हणतोय, झाकण जरा उघडून श्वास घेऊ दे."

"लॅडी, एमिल म्हणतोय झाकण उघड!" मी ओरडले.

"त्याला सांग, माझ्या झाकणाचं मी बघतो!" लॅडी तिकडून ओरडला.

"लॅडी म्हणतोय, त्याच्या झाकणाचं तो बघतो."

"ऐकलं मी," व्लास्ता म्हणाली, आणि उभीच राहिली, जणू आणखी काही बोलायचं होतं. मग मागून रेमंडनं किल्ल्या खुळखुळवल्या. "आई, जेवलं की लगेच निघायचंय हां!" ती गेली.

लॅडीलाही आता झाकण उघडायचंच होतं, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं. कुणी बघत नाहीसं पाहून त्यानं हात घातला. झाकण हललं नाही. नळाचा टेका लावला. टेका वाकला. मोठ्या जाळानं लोखंड फुगून झाकण गच्च बसलं होतं. आता लॅडीचा चेहराही धुरासारखा पांढरा झाला. मी खांदा लावला असता, पण माझ्या खांद्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. मी दांडग्या पुतण्यांना हाका मारल्या. आले चौघे, भट्टीपाशी उभे राहिले, झाकणावरची अक्षरं वाचली, आणि एकेक पाऊल मागे.

"अरे, हात लावा की!" लॅडी म्हणाला.

"नको काका. लिहिलंय ना."

"मी सांगतोय ना लावा म्हणून!"

"आज सांगताय. पुढच्या वर्षी काय म्हणाल कुणास ठाऊक. मागच्या वेळचं पाहिलंय आम्ही." आणि चौघेही बिअरकडे पांगले.

व्लास्ता पुन्हा निघालेली दिसली. म्हणजे एमिलचा आणखी एक निरोप. बस्स! मी काय पोस्टमन आहे? पदर खोचायला आमच्याकडे पदर नसतो, म्हणून मी बाह्या खोचल्या आणि मीच मैदान ओलांडलं. वाटेत व्लास्ता आडवी आली, तिला बाजूला केलं आणि थेट एमिलच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"काय म्हणणं आहे तुझं? मला सांग. माझ्या बहिणीचे पाय नको झिजवूस."

"त्याचं मांस नासतंय, आल्बिना," एमिल म्हणाला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. "जा म्हणावं, काहीतरी कर. सगळे उपाशी राहतील."

"मग ऊठ आणि मदत कर. झाकण अडकलंय."

"मी दुसऱ्याच्या झाकणाला हात लावत नाही."

"झाकण! झाकण! झाकण!" माझा तोल गेला तो गेलाच. "वर्ष झालं, मला बहीण नाही, का तर झाकण! अरे, लोखंडाचा पत्रा आहे तो, मेरीमातेचा पडदा नव्हे. हे बघ, असं उघडतात झाकण. बघ, आभाळ कोसळलं का?" आणि मी बोट घालून वडिलांच्या भट्टीचं झाकण सताड उघडलं.

येझिश मारिया! अख्खं घराणं श्वास रोखून बघत होतं. पण ते सगळे लांब होते. आत काय आहे ते फक्त मला दिसलं.

आत काहीच नव्हतं. जाळ्या घासूनपुसून लख्ख, खाली ऊब सळसळतेय, आणि मांसाचा एक तुकडा नाही. बरगडी नाही, सॉसेज नाही, कोंबडीचा पंखसुद्धा नाही.

"बंद कर," एमिल हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

मी बंद केलं.

"दोन्हीकडे मांस असलं की दोन रांगा लागतात," एमिल म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, गुडघ्याकडे बघत होता. "मग लोक मोजतात, कुणाची रांग मोठी. मी काही आणलं नाही. म्हटलं, त्यानं एवढी राबून बनवलीय, त्याचंच खाऊ दे सगळ्यांना."

"मग जाळ कशाला केलास?"

"धूर दिसला नसता तर सगळ्यांनी येऊन विचारलं असतं."

यानाकांची जात! उपाशी मरतील, पण कुणाला दिसू देणार नाहीत की मन वितळलंय. मी मागे वळून पाहिलं. व्लास्ता ओठ आवळून उभी होती. तिला माहीत होतं. सगळं माहीत असून ती आपली पांढऱ्या धुराचे निरोप वाहत होती.

मी परत आले. लॅडी माझी वाट बघत भट्टीला टेकून उभा होता, म्हणजे टेकता येईल तितका, कारण ती रसरसून तापली होती. मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, आत काय नाही ते. आणि का नाही तेही.

लॅडी म्हणाला, "खोटं सांगतेस."

"माझं तोंड बघ."

त्यानं पाहिलं. मग विजारीला हात पुसले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि निघाला. मैदान तसं छोटंच आहे, पण त्या दिवशी ते त्याला शेतभर लांब झालं असावं. मध्ये उभे असलेले यानाक दुभंगून बाजूला झाले. मी मागोमाग गेले. मी सोडते काय!

"एमिल," लॅडी म्हणाला. "माझ्या भट्टीचं झाकण अडकलंय. जरा उघडून देतोस का?"

"मी उघडू?"

"हो, तू."

"तुझ्या भट्टीचं?"

"आता काय लिहून देऊ का?"

"लिहूनच ठेवलंयस की," एमिल म्हणाला. "इथून वाचता येतंय." पण बोलता बोलता तो खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठला. लॅडीनं पटकन त्याच्या कोपराखाली हात घातला. एमिलनं तो झटकला नाही.

दोघांनी मिळून झाकण काढलं. एकानं लाकडी हातोड्यानं कडा ठोकल्या, दुसऱ्यानं पहार घातली, मग दोघांनी एकदम जोर लावला. एमिलनं वडिलांसारखीच चेक भाषेत एक शिवी दिली, जी फादरांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली. झाकण वर आलं. असा धुराचा लोट उठला की अर्धं घराणं खोकायला लागलं. आत मांस होतं, करड्या रंगाचं, अर्धकच्चं, मरगळलेलं. एवढा वेळ आत राहून बिचारं नुसतं घामेजलं होतं.

एमिल वाकला. खिशातून काटा काढला. लॅडीकडे पाहिलं. लॅडीनं मान डोलावली. एमिलनं मांस टोचलं, नीट पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोरडं मात्र पडलेलं नाही."

क्षणभर कुणाला हसावं की पळावं कळेना. मग लॅडी हसला. असा हसला की त्याला भट्टीचा आधार घ्यावा लागला, आणि मग हात भाजून तो नाचायला लागला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मांस परातींत भरून पश्चिमेला नेलं. वडिलांच्या भट्टीसमोर लॅडी परात घेऊन उभा. झाकण बंद. तो त्याच्याकडे बघतोय, पण हात काही पुढे होईना.

"उघड ना," एमिल म्हणाला. "का बँडवाले बोलावू?"

लॅडीनं बोट लावलं.

आता मांस शिजायला वेळ लागणार होता. लोकांनी कोलाचे, म्हणजे आमचे फळं घातलेले गोड पाव, खाल्ले, सॅलड दोन्हीकडचं संपवलं, आणि मग झाडांखाली पांगले. मी टेबलाशी बसले. व्लास्ता येऊन समोर बसली, आणि तिनं पर्समधून पत्ते काढले. काही न बोलता पिसले, वाटले. आम्ही खेळायला लागलो.

"केस करणाऱ्या बाईनं सांगितलं मला," मी पत्त्यांकडे बघत म्हटलं. "लबकचं. केस करणाऱ्या बाईनं, व्लास्ता!"

"काय तोंडानं सांगणार होते? फोन उचलला की रडू यायचं."

"मग रडायचं."

"एमिल शेजारच्या खोलीत असायचा."

"मग मोठ्यानं रडायचं!"

ती हसली, पण लगेच घड्याळाकडे पाहिलं. रेमंड सारखा येरझाऱ्या घालत होता, वाटेत अंधार होईल म्हणत होता. मला तर लबक म्हटलं की नुसतं सपाट रान दिसायचं, आणि त्यात माझी बहीण एकटी पत्ते मांडून बसलेली. एमिल येऊन मांस चाचपून गेला आणि म्हणाला, "आणखी थोडंच. खाऊ आणि निघू." मग तो लॅडीबरोबर पूर्वेच्या टोकाला गेला. धुराडं कुठून कापावं यावर दोघांची जोरदार जुंपली होती. वर्षभराची भांडणं शिल्लक होती, एका दिवसात उरकायची होती.

"पाणी आणते," व्लास्ता म्हणाली आणि उठली.

पाण्याचं पिंप उजवीकडे होतं. ती डावीकडे गेली. मी बघत होते. ती भट्टीपाशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं, आणि एका बोटानं झाकण उघडलं. उघडलं ते उघडंच धरलं. चेहरा वर झाडाकडे, जणू बसची वाट बघतेय. ऊब लहरी मारत बाहेर पडत होती, आणि ती आपली उभी. चांगलं पोटभर उभी राहून मग तिनं झाकण अलगद सोडलं आणि पाण्याशिवायच परत येऊन बसली. पत्ते हातात घेतले.

थोड्या वेळानं एमिल आला. भट्टीच्या अंगावर तळहात टेकवला आणि ताठ झाला.

"ऊब गेली! कुणी उघडलं झाकण?"

हळूहळू सगळ्यांच्या माना लॅडीकडे वळल्या.

"देवाशपथ मी नाही!" लॅडी म्हणाला. "मी तुझ्याबरोबर होतो की रे!"

"मी उघडलं," मी म्हटलं.

एमिल माझ्याकडे बघत राहिला. "परत?"

"परत. हात शिवशिवत होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बायकोकडे. ती पत्ते लावण्यात इतकी गढली होती, की तिच्या हातातला हुकमाचा राजा माझ्याकडे तोंड करून आहे हेसुद्धा तिला दिसत नव्हतं. एमिलनं डोळे मिटले, उघडले, आणि पेटीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"आता हे रात्र पडल्याशिवाय होत नाही," तो रेमंडला म्हणाला.

"अहो बाबा, मग निघणार कधी? आणि झोपणार कुठे? घर तर विकलं आपण!"

"आमच्याकडे," लॅडी म्हणाला. "नाहीतर काय मैदानात झोपता?"

रेमंडनं कपाळावर हात मारला आणि किल्ल्या टेबलावर टाकल्या, सॅलडच्या दोन रिकाम्या पातेल्यांमध्ये. व्लास्तानं त्या उचलल्या आणि आपल्या पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

"पान टाक, आल्बिना," ती म्हणाली. "तुझी पाळी आहे."